एकदा पाण्यासाठी, एकदा आपल्यासाठी

आमच्या केमिस्ट्रीच्या बाईंनी मला दोन वर्षांत एकही गोष्ट शिकवली नाही. हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. त्यांनी स्वतः हे वाक्य ऐकलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. कॉलेजात बाकीच्या सगळ्या मॅडम होत्या, या एकट्या बाई. कोणी चुकून मॅडम म्हटलं तर त्या मागे वळून बघायच्या, आपल्या पाठीशी दुसरंच कोणी उभं असल्यासारख्या.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. विरारपासून वसईपर्यंत जिकडे तिकडे बिल्डिंगा उठत होत्या आणि त्यांतली निम्मी मुलं आमच्या कॉलेजात येत होती. एस. वाय.च्या मुलांचे बाईंनी सहा-सहाचे गट केलेले असत. प्रत्येक गटाला टी. वाय.चा एक विद्यार्थी, त्याला म्हणायचं म्होरका. गणितं गटाने सोडवायची, प्रयोग गटाने करायचे, भांडायचं गटाने. म्होरक्याने फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर सांगायचं नाही. बाईंनीही सांगायचं नाही. ‘सांगितलेलं टिकत नाही, सापडलेलं टिकतं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच वाक्याला शिव्याही घालायचो.

मग बाई काय करायच्या? ऐकायच्या. प्रयोगशाळेला लागून एक अरुंद खोली होती. द्रावणं तयार करायची, बाटल्या ठेवायची. तिचं दार उघडं टाकून बाई आत स्टुलावर बसायच्या, आमच्याकडे पाठ करून, तोंड भिंतीला. पाच गट एका वेळी बोलत असले तरी कोण कुठे अडखळलं ते त्यांना कळायचं. ‘बोळींज, दशांश चिन्ह कुठे टाकलंस?’ असा आवाज आतून आला की बोळींजचा मुलगा जागच्या जागी दचकायचा. बाई आम्हाला नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी फुलपाडा. फुलपाड्यात आमच्या बिल्डिंगसारख्या दीडशे बिल्डिंगा होत्या आणि त्याला गाव म्हणणं म्हणजे थट्टाच, पण बाई स्वतः आगाशीच्या, वाडीतल्या जुन्या घरातल्या. त्यांच्या लेखी माणूस कुठल्या तरी पाण्यावर वाढलेलं असायचंच.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. कोणी नवी चूक केली, म्हणजे बाईंनी आधी कधीच न ऐकलेली, तर त्याला सुकेळं मिळायचं. घरच्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, पानात गुंडाळलेली, त्यांच्या पिशवीत कायम असायची. बरोबर उत्तराला काही नाही. जुन्या चुकीला तर उलट अपमान. ‘ही तुझी नाही. ही दोन वर्षांपूर्वीच्या अर्नाळ्याची. तिने तिच्या गटाला दिली, त्यांच्यातल्या उमराळ्याने तुमच्या म्होरक्याला दिली. ती आता तिकडे वाड्याला शाळेत शिकवते, तिथेही हेच वाटत असेल.’ आम्ही हसायचो. पण घरी गेल्यावर हसू येत नसे. आपल्या डोक्यातली चूकसुद्धा आपली नाही, कोणा न पाहिलेल्या मुलीची आहे आणि ती मुलगी आपल्या तोंडाने बोलते आहे, हा विचार मला भात कालवतानाही सुटत नसे. आई म्हणायची, ‘केमिस्ट्री घेतलीस की भूतबाधा?’

टी. वाय.ला गेल्यावर मी म्होरकी झाले. गट मिळाला तो बरा होता. त्यात नंदाखालचा एक मुलगा होता, चर्चच्या गायनात गाणारा, खणखणीत आवाजाचा. पहिल्या दिवसापासून तो मला ताई म्हणायला लागला. बाकीचे पाच त्याच्या मागून हो म्हणणारे.

पाण्याचा कठीणपणा मोजायचा प्रयोग दरवर्षी असे. त्यासाठी ज्याने त्याने आपल्या घरचं पाणी बाटलीतून आणायचं. नंदाखालच्या मुलाने बावखलाचं, वाडीतल्या तळ्याचं आणलं, हिरवट, तळाशी पाल्याचा तुकडा असलेलं. मी फुलपाड्याचं आणलं, म्हणजे टँकरचं, कुठल्या विहिरीचं ते टँकरवाल्यालाच ठाऊक. पाण्यात इंडिकेटर टाकला की लाल रंग येतो. तो चर्चमधल्या मिस्साच्या वाइनसारखा दिसतो असं नंदाखाल म्हणाला. मग ब्युरेटच्या नळीतून द्रावण थेंब थेंब सोडत जायचं. लाल जाऊन निळा आला की थांबायचं आणि आकडा लिहायचा. हेच सगळं एकदा शुद्ध पाण्यावरही करायचं, त्याला ब्लँक म्हणतात. शुद्ध पाण्यालाही जे दोन-चार थेंब लागतात ते मूळ आकड्यातून वजा करायचे. झालं. इतकं सोपं.

दिवाळीनंतरची एक दुपार. गट आकडेमोड करत होता आणि मी शेजारी बसून पेन्सिलीला टोक करत होते. नंदाखालने ब्लँकचा आकडा वजा केला, मग पुन्हा एकदा वजा केला.

‘दोनदा का?’ मी विचारलं.

‘एकदा पाण्यासाठी, एकदा आपल्यासाठी,’ तो म्हणाला. ‘आपले हात खारट असतात ना. त्यांचं पण थोडं उतरतं.’

आतल्या खोलीत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. बाई दारात आल्या. त्या तास चालू असताना दारात कधीच येत नसत. आम्हाला त्यांचा चेहरा त्या वेळी बघायची सवयच नव्हती.

‘कोण बोललं?’

‘मी, बाई.’

‘तुला कोणी सांगितलं?’

‘कोणी नाही. असंच.’

बाई त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. बोटांवर शाई लागलेले ते पोरसवदा हात. मग त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. सुकेळं मिळालं नाही, म्हणजे चूक जुनी. पण अपमानही झाला नाही. ‘ही अमक्याची’ असं त्यांनी सांगितलंच नाही. मला ते फार खटकलं.

पुढच्या आठवड्यात गटातले सहाही जण दोनदा वजा करत होते. मी नियमाप्रमाणे प्रश्न विचारले. ‘हात धुऊन बसलात ना?’ तर गटातली एकुलती एक मुलगी, आगाशीची, म्हणाली, ‘धुतले तरी धुतले पाण्यानेच ना, ताई.’ ‘मग तुमच्या हातांना मीठ लागलंय कुठे?’ त्यावर सगळे आपापल्या तळव्यांकडे बघायला लागले. एकाने तर जीभ लावून पाहिली. त्याचं तोंड वाकडं झालं. त्या दिवशी प्रयोगशाळेत पंखे बंद होते, खिडक्या उघड्या होत्या, मुलं खाली कॅरम खेळत होती. भ्यायला तसं काहीही कारण नव्हतं. तरी मी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघून ‘चला, वेळ झाली’ म्हणाले.

हे कोणाला विचारावं? मी प्रयोगशाळेच्या मामांना विचारलं. मामा म्हणजे बाटल्या धुणारे, गॅसच्या नळ्या बदलणारे. बाईंच्या आधीपासून कॉलेजात होते. मिठागरांच्या बाजूच्या गावातले. त्यांनी माझं म्हणणं ऐकून हातातला फ्लास्क खाली ठेवला.

‘आली व्हय यंदा तुझ्याकडं,’ ते म्हणाले.

‘कोण?’

‘आमच्याच गावची पोर. आठ वर्सं झाली, बाईंच्या पयल्या गटात व्हती. बाप मिठागरावर, सुट्टीत ही पन मीठ ओढायची. तळहात भेगाळलेलं. ती बोलायची, मामा, माझ्या हाताचा मीठ पान्यात उतरतं, म्हनून मी दोनदा वजा करते. एकदा पान्यासाठी, एकदा आपल्यासाठी.’

‘मग?’

‘मंग काय. परीक्षेच्या आदल्या रोजी बाईंच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिथंच पुसत व्हतो. बोलली, बाई, एकदा की दोनदा, एवढाच सांगा. बाई बोलल्या, गटात जाऊन बस, सापडेल. नाय सापडलं. बाकी पोरांनी एकदाच केलं, ती सुटली. ही प्रॅक्टिकलला नापास. बापानं कॉलेज सोडवलं, मिठाला लावलं. पावसाळ्यात कावीळ झाली, त्यात गेली.’

मी म्हटलं, तिच्या गटातल्या कोणी तरी ही चूक पुढे नेली असेल. मामांनी मान हलवली. गटात तिचं कोणी ऐकतच नव्हतं, ते म्हणाले. ती कोणाची म्होरकी झाली नाही. तिने कोणालाच काही शिकवलं नाही.

मी घरी येऊन माझं मागच्या वर्षीचं जर्नल काढलं. त्यात हाच प्रयोग होता, आणि वजाबाकी एकदाच होती, तिला बरोबरची खूण. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी नंदाखालला बाजूला घेऊन नीट विचारलं, खरं सांग, हे तुझ्या डोक्यात कुठून आलं? तो गोंधळून म्हणाला, ‘ताई, तूच तर पहिल्या दिवशी करून दाखवलंस. बाईंसमोर तुझं नाव कसं घेणार? तुझ्या वहीत आहे ना.’

माझ्या कच्च्या वहीत होतं. पहिल्या टर्मचं पान, माझंच अक्षर, माझाच निळा पेन. ब्लँकचा आकडा दोनदा वजा केलेला. मला ते लिहिलेलं आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. त्या रात्री मी हात किती वेळा धुतले ते आईने मोजलं असेल, मी नाही मोजलं.

आता यात भूत कुठे आहे असं कोणी मला विचारलं तर मी सरळ सांगेन, मला ठाऊक नाही. मामांकडून ती गोष्ट आधी कधी तरी माझ्या कानावर पडली असेल आणि मी विसरले असेन. माणसाचं डोकं म्हणजे माळाच, काय कुठे पडलंय पत्ता लागत नाही. पण त्या दिवसांत मला हे सगळं सुचत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मार्चमध्ये प्रॅक्टिकल आहे, बाहेरचे परीक्षक येणार आहेत, आणि माझ्यामुळे सहा मुलं नापास होणार आहेत. नंदाखालच्या मुलाच्या बापाने तर आधीच सांगून ठेवलं होतं, या वर्षी गेलास तर वाडीत पानवेली बांधायला ये.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दुपारी मी बाईंच्या खोलीत गेले. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

‘बाई, मी मुलांना सांगून टाकते. दोनदा नाही, एकदाच.’

‘नाही.’

‘उद्या परीक्षा आहे.’

‘दरवर्षी येते ती,’ बाई भिंतीशी बोलाव्या तशा बोलल्या. ‘कधी या गटात, कधी त्या. दोन-चार दिवस राहते. मग त्यांना त्यांचं सापडतं आणि ती जाते. मी बसून ऐकते. यंदा का जात नाही कळत नाही मला. पण सापडेल. सांगायचं नाही.’

तेव्हा मला कळलं की बाई इतकी वर्षं पाठ करून आमच्या चुका ऐकत नव्हत्या. त्या एकाच चुकीची वाट बघत होत्या. आम्ही सगळ्यांनी केलेल्या बाकीच्या चुका वाट बघता बघता कानावर पडलेल्या. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही, राग आला. वीस वर्षांच्या मुलीला येतो तसा, काही न जुमानणारा.

‘त्या मुलीला सापडलं का?’ मी ओरडले. ‘दारात उभी राहून विचारत होती ना तुम्हाला? तिला सापडलं का, बाई?’

बाहेर सगळ्या गटांनी ऐकलं. मला वाटलं, आता मला कॉलेजातून काढणार. मग त्या उठल्या. माझ्याकडे न बघता त्या दारातून बाहेर आल्या आणि आमच्या टेबलाशी गेल्या. माझे सहाही जण उभे राहिले.

‘बसा,’ बाई म्हणाल्या. ‘ब्लँक किती वेळा वजा करायचं?’

‘दोनदा,’ नंदाखाल म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

बाईंनी टेबलावरचा फ्लास्क उचलला. आधी त्या मुलांकडे बघत बोलत होत्या, मग हळूहळू त्यांची नजर मुलांच्या मधून, टेबलाच्या पलीकडे, जिथे खिडकीचं ऊन पडलं होतं तिथे गेली. आणि आवाज बदलला. आम्हाला गावाच्या नावाने हाका मारणाऱ्या बाईंचा तो आवाजच नव्हता.

‘ऐक, बाळ. तुझे हात खारट आहेत, खरं आहे. त्यांचं मीठ पाण्यात उतरतं, हेही खरं. तू काही वेडी नव्हतीस. पण ब्लँकसुद्धा तूच केलंस ना, त्याच हातांनी? मग जेवढं मीठ इकडे उतरलं तेवढंच तिकडेही उतरलं. ते ब्लँकच्या आकड्यात आधीच आलंय. म्हणून एकदा वजा केलं की पाण्याचंही जातं आणि तुझंही जातं. एकदाच, बाळ. दोनदा करायचं नाही.’ त्यांनी फ्लास्क दोन्ही हातांत धरला. ‘एवढंच होतं. मी त्या दिवशी सांगायला हवं होतं.’

‘हां बाई,’ कोणीतरी म्हणालं. ‘समजला.’

मुलीचा आवाज होता. मी आगाशीच्या मुलीकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं मी बोलले. गटात तिसरी मुलगी नव्हती. नंदाखालने नंतर मला शपथेवर सांगितलं की तो आवाज त्याच्या अगदी डाव्या कानाशी आला. त्याच्या डाव्या बाजूला टेबल संपत होतं.

बाईंनी ‘कोण बोललं?’ असं विचारलं नाही. त्यांनी फ्लास्क जागेवर ठेवला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘पुन्हा करा सगळे.’ मुलांनी केलं. सहाही जणांनी एकदाच वजा केलं, कोणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी माझ्या कच्च्या वहीतलं पान फाडायला घेतलं, पण फाडलं नाही. का ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला तोच प्रयोग आला. सहाही जण सुटले. नंदाखालचा मुलगा पेढे घेऊन बाईंना शोधत आला आणि बाई कुठे दिसेनात म्हणून ते आम्हीच खाल्ले.

मी बाईंना भेटायला गेले ती सगळे पेपर संपल्यावर, एप्रिलच्या एका सकाळी. मनात माफी मागायची होती. मी त्यांच्यावर ओरडले होते, आणि असं त्या कॉलेजात कोणी कधी केलं नव्हतं. मामा बाटल्या पालथ्या घालत होते. त्यांनी डोळ्यांनीच आतली खोली दाखवली. बाई स्टुलावर होत्या, पण स्टूल फिरवलेलं होतं. पाठ भिंतीला आणि तोंड रिकाम्या प्रयोगशाळेकडे. मला बघून त्यांनी पिशवीतून एक सुकेळं काढून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, बाई, मी तर काहीच नवं केलं नाही. त्या म्हणाल्या, ‘माझ्यावर कोणी ओरडलं नव्हतं आजवर. ते नवं होतं.’

मी विचारलं, पुढच्या वर्षी गट असतील ना?

‘असतील. पण विचारलं की मी सांगणार. त्यांनी आधी भांडून घ्यावं, मग माझ्याकडे यावं, मी सांगेन.’ त्यांनी रिकाम्या टेबलांकडे बघितलं. ‘त्या दिवसापासून कान देऊन बसते आहे. काही नाही. गेली ती.’

मी म्हटलं, चांगलंच झालं ना, बाई.

‘चांगलंच झालं,’ त्या म्हणाल्या. ‘मी समजत होते, तिची चूक मागे राहिली आहे. तेवढी तरी राहिली म्हणून मी जपत होते, कोणाला खोडू देत नव्हते. आणि ती बिचारी विचारायला येत होती गं. एका उत्तरासाठी दारात आलेल्या पोरीला मी आठ वर्षं गटात बसवून ठेवलं.’